परक्या गावात सैनिकाने काय पाहिले?

युद्धाचा इतिहास आपण बहुधा सेनापतींची नावे आणि तहांच्या तारखा यांवरून शिकतो व शिकवतो. परंतु साधा शिपाई परक्या देशात जातो तेव्हा तो केवळ शत्रू पाहत नाही. ज्या गावात मुक्काम पडतो तेथील माणसे, त्यांची शेती, त्यांच्या लेकीबाळींचे जगणे तो पाहतो आणि नकळत ते आपल्या गावाशी ताडून बघतो. माझ्या मते ही तुलना हीच युद्धातून घरी येणारी सर्वांत मोलाची गोष्ट होय. आणि राज्यकर्त्यांना धास्ती वाटते तीही तिचीच. पहिल्या महायुद्धातील फ्रान्समध्ये हे स्पष्ट दिसून आले.

सप्टेंबर १९१४ मध्ये भारतीय सैन्याच्या पहिल्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरल्या. युद्ध संपेपर्यंत सैनिक व मजूर मिळून सव्वा लाखाहून अधिक भारतीय या आघाडीवर गेले. त्यांची पत्रे सरकारी तपासनीस वाचत आणि निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर करून वरिष्ठांना अहवाल पाठवीत. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुष्कळ शिपाई निरक्षर असल्याने पत्रे दुसऱ्याकडून लिहून घेतली जात आणि ती वाचली जातात हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून ही पत्रे सावधपणेच वाचावी लागतात. तरीही त्यांतून एक विस्मय पुन्हा पुन्हा उमटतो. येथील बायका लिहितात-वाचतात, पुरुष लढाईवर गेले तरी शेती आणि दुकाने सांभाळतात, आणि स्वतःचा मुलगा आघाडीवर असलेली म्हातारी परक्या शिपायाला मुलासारखे जेवू घालते. काहींनी तर आपल्या मुलींना शाळेत घाला, असे घरी कळविले. ज्यांना कोणी समाजसुधारक भेटला नव्हता, त्यांना फ्रान्सच्या खेड्याने हा धडा दिला.

पण या दृष्टीची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या काळी सैन्यभरती ‘लढाऊ जाती’ या कल्पनेवर चाले. ज्यांच्या पूर्वजांनी कंपनीच्या सैन्यात पिढ्यान् पिढ्या पराक्रम केला, त्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद करण्यात आली होती. अस्पृश्य माणूस या सैन्यासोबत समुद्रापार गेला तो मुख्यतः सफाईच्या कामासाठी. इंग्लंडमधील ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी भारतीयांसाठी रुग्णालय उघडले, तेव्हा धर्म व जातींनुसार निरनिराळी स्वयंपाकघरे ठेवावी लागली. ब्रॉकनहर्स्ट या गावी अशाच एका रुग्णालयात बरेलीकडचा सुखा नावाचा सफाई कामगार जानेवारी १९१५ मध्ये मरण पावला. अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचे दहन नाकारले, आणि तो मुसलमान नव्हता म्हणून मुसलमानांनी दफन नाकारले, अशी हकिकत सांगितली जाते. अखेर त्या गावच्या चर्चच्या आवारात त्याला जागा मिळाली. गावकऱ्यांनी त्याच्या स्मरणार्थ शिळा उभारली. ती आजही तेथे आहे. फ्रेंच म्हातारीच्या मायेने भारावलेल्या सैन्याला आपल्याच छावणीतला सुखा दिसला नाही. जे पाहिल्याने आपले काही सुटणार नाही, तेवढेच माणूस सहज पाहतो.

याच फ्रान्समध्ये १९१८ साली दुसरे सैनिक आले. अमेरिकेने सुमारे २,००,००० कृष्णवर्णीय सैनिक युरोपात पाठविले. त्यांतील बहुतेकांना हमालीची व मजुरीची कामे दिली गेली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतून उभी राहिलेली ३६९ वी पलटण मात्र फ्रेंच सैन्याच्या हाताखाली लढली, १९१ दिवस आघाडीवर राहिली, आणि फ्रान्सने त्या पलटणीचा शौर्यपदकाने गौरव केला. स्वदेशात ज्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसण्याची मुभा नव्हती, त्यांना फ्रेंच गावकरी घरात बोलावीत होते. भारतीय शिपायाला तेथे संपन्नता व शिक्षण दिसले; या सैनिकांना आपला अपमान हा निसर्गनियम नाही, हे दिसले.

ही गोष्ट अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आली. ऑगस्ट १९१८ मध्ये अमेरिकी मुख्यालयाशी संलग्न असलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांकडून एक गुप्त परिपत्रक निघाले. कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांसोबत जेवू नका, हस्तांदोलन करू नका, गोऱ्या अमेरिकनांसमोर या सैनिकांची फार स्तुती करू नका, स्थानिक लोकांना त्यांच्याशी सलगी करू देऊ नका, असा त्याचा आशय होता. डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी मे १९१९ मध्ये ते आपल्या ‘द क्रायसिस’ मासिकात छापून उघड केले. ब्रायटनच्या किचनेर रुग्णालयाभोवती काटेरी तारा लावून भारतीय रुग्णांना गावापासून दूर ठेवले गेले, त्यामागेही हीच भीती होती. शत्रूच्या गोळीसमोर ज्यांना निर्धास्तपणे उभे केले, त्यांनी सामान्य माणसाच्या घरी चहा पिणे सत्तेला धोक्याचे वाटले.

अर्थात फ्रान्स समतेचा स्वर्ग नव्हता. त्याच फ्रान्सने पश्चिम आफ्रिकेतील आपल्या वसाहतींतून सक्तीने सैनिक भरती केले होते. पाहुण्याला दिसलेले अंगण म्हणजे सगळे घर नव्हे. आणि नुसते पाहण्याने घरची परिस्थिती पालटत नाही. फेब्रुवारी १९१९ मध्ये न्यूयॉर्कने ३६९ व्या पलटणीची मिरवणूक काढली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये शिकागोच्या वांशिक दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांतील २३ कृष्णवर्णीय होती. फरक एवढाच पडला की, परतलेले पुष्कळ सैनिक आता मान खाली घालून जगायला तयार नव्हते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रोंची आणि भारतातील अस्पृश्यांची स्थिती सारखी आहे असे नमूद करून, संयुक्त राष्ट्रांपुढे त्यांच्या वतीने मांडलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागविल्या. परदेशात पाहिलेल्याचा आपल्या माणसांच्या मुक्तीसाठी उपयोग करणारी दृष्टी ती हीच.

आपली मुले आज सैन्यात आहेत, नोकरीनिमित्त परप्रांतात आणि परदेशात आहेत. सुटीत घरी आल्यावर ती तिकडचे रस्ते, पगार आणि इमारती यांच्या गोष्टी सांगतात. पालकांनी त्यांना आणखी एक प्रश्न विचारावा : तिथे गटारे कोण उपसतो, आणि तुम्ही त्याला कोणत्या नावाने हाक मारता? उत्तर देताना मुलगा अडखळला, तर त्याला सुखाची गोष्ट सांगावी.