आमेन कोणी म्हणावयाचे?

ख्रिस्ती उपासनेत शिस्त असावी की नसावी, हा वाद आमच्या मते व्यर्थ होय. शिस्त असावी, याविषयी कोणा विचारी मनुष्याचे दुमत असणार नाही. खरा प्रश्न असा आहे की, ही शिस्त कोणाची आणि कोणासाठी? मंडळीने आपल्या उन्नतीकरिता आपण होऊन पाळावयाची, की पुढे उभ्या राहणाऱ्या दोघातिघांनी आपल्या सोयीकरिता इतरांवर लादावयाची? हा प्रश्न काढताच कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतात, आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील चौदाव्या अध्यायाचे शेवटचे वचन ढालीसारखे पुढे केले जाते. सर्व काही शोभेलशा रीतीने व क्रमवार व्हावे, असा त्याचा आशय आहे.

काही वर्षांपूर्वी एका मंडळीत आम्ही उपासनेस गेलो होतो. मध्येच एक वृद्ध बाई उठून आपल्या आजारी नातवासाठी प्रार्थना करू लागली. दोन वाक्ये झाली न झाली तोच एका गृहस्थाने जवळ जाऊन, “आजी, हे कार्यक्रमात नाही,” असे हळूच सांगून तिला खाली बसविले. त्याच उपासनेत पाहुण्यांच्या सत्कारास, हारतुऱ्यांस व आभारप्रदर्शनास वीस मिनिटे मिळाली. कारण ती कार्यक्रमात होती! शिस्त मोडली कोणी, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आता आमच्या प्रतिपक्षाचे प्रमाण तपासू. त्या अध्यायाचे चाळिसावे वचन ज्यांस मुखोद्गत आहे, त्यांस सव्विसावे का आठवू नये? तेथे पौल गृहीत धरतो की, मंडळी जमली म्हणजे कोणापाशी स्तोत्र असेल, कोणापाशी शिक्षण, कोणापाशी प्रकटीकरण. आणि सर्वांची कसोटी एकच, मंडळीची उन्नती. पुढे तो सांगतो की, एकजण बोलत असता बसलेल्या दुसऱ्यास काही प्रकट झाले, तर पहिल्याने गप्प राहावे. आमच्याकडील शिस्तीत बसलेल्याने गप्प राहावयाचे असते. पौलाच्या शिस्तीत उभा असलेला थांबतो. या दोहोंस एकच नाव देणे हा शब्दच्छल होय.

“पण स्त्रियांनी गप्प राहावे, असे तेथेच लिहिले आहे ना?” असे कोणी म्हणेल. लिहिले आहे खरे. परंतु त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रियांनी मस्तक कसे ठेवावे, याची चर्चा आहे. मुळी बोलावयाचेच नसते, तर ही चर्चा कशास? शिवाय चौदाव्या अध्यायात गप्प राहण्याची आज्ञा तिघांस आहे: अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्यास, दुसऱ्यास प्रकटीकरण झाल्यावर पहिल्या वक्त्यास, आणि स्त्रियांस. पहिल्या दोन आज्ञा विसरून तिसरीच तेवढी पाळणाऱ्यांची शास्त्रनिष्ठा आम्हांस संशयास्पद वाटते. करिंथ येथील प्रभुभोजनात खरा गोंधळ घातला तो खाऊनपिऊन तृप्त झालेल्या सुस्थितांनी. गरीब उपाशीच राहिले. त्यावर पौलाने सांगितलेला उपाय अगदी साधा आहे: एकमेकांची वाट पाहा. आणि हे पत्र त्याने कोणा अध्यक्षास नव्हे, साऱ्या मंडळीस उद्देशून लिहिले. स्तेफनाच्या घराण्याचे ऐका, असे तो शेवटी म्हणतो. पण का, तर त्या घराण्याने पवित्र जनांच्या सेवेस वाहून घेतले होते म्हणून.

उपासना वरून लादली म्हणजे काय होते, हे इतिहासात नमूद आहे. सन १६३७ मध्ये एडिंबरोच्या सेंट जाइल्स मंदिरात राजाज्ञेने आलेले नवे प्रार्थनापुस्तक वाचू लागताच दंगल उसळली. इंग्लंडात सन १६६२ च्या एकरूपतेच्या कायद्याने व त्याआधीच्या दोन वर्षांतील हकालपट्टीने मिळून सुमारे २,००० धर्मोपदेशक आपल्या जागांस मुकले. सन १९२८ मध्ये तर तेथील चर्चच्या सभांनी संमत केलेले सुधारलेले पुस्तक पार्लमेंटाने दुसऱ्यांदा फेटाळले! शेत राखण्यास घातलेले कुंपणच असे शेत खाऊ लागते.

परंतु यावरून स्वातंत्र्याच्या नावाने चाललेल्या प्रत्येक प्रकाराची आम्ही तरफदारी करतो असे समजू नये. अलीकडे कित्येक ठिकाणी पुस्तक गेले आणि त्याच्या जागी ध्वनिक्षेपक आला. ज्याच्या हाती तो, त्याची सत्ता. वाद्यांचा गजर असा की शेजाऱ्याचा आवाजही ऐकू येऊ नये. पुस्तकाला निदान मर्यादा असते. अशा नायकाच्या लहरीस तीही नसते. येथेही मंडळी मुकीच राहते, फक्त तिला टाळ्या वाजविण्याची मुभा असते.

या दोन्ही पक्षांस आमचा प्रश्न एकच: आमेन कोणाचे? न समजणाऱ्या प्रार्थनेस सामान्य मनुष्याने आमेन कसे म्हणावे, हे पौलानेच विचारले आहे. दुसऱ्या शतकातील जस्टिन हुतात्मा सांगतो की, अध्यक्ष यथाशक्ती प्रार्थना करी आणि लोक आमेन म्हणून संमती देत. संमती म्हटली की समजणे आले, आणि समजण्यासाठी आपली भाषा आली. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात सन १९०५ मध्ये शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, हे पौलाच्या ‘एकामागून एक’ या नियमात सहज बसत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण त्याच रमाबाईंनी पुढे वर्षानुवर्षे खपून साध्या बायकांस कळेल अशा मराठीत बायबल उतरविले. आमेन म्हणणारीस अर्थ कळावा, ही तळमळ ज्या ठिकाणी आहे, तेथे व्यवस्थेचा पाया आहे. नारायण वामन टिळकांची भजने मराठी मंडळ्यांच्या ओठी बसली, तीही याच कारणाने.

सन १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारताची चर्च स्थापन झाली, तेव्हा बिशप, वडील व मंडळी या तिन्हींच्या अधिकारास एका घटनेत स्थान मिळाले. त्यातील तिसरा अधिकार रविवारी सकाळी कोठे जातो? आमचे मागणे थोडे आहे. प्रत्येक उपासनेत मंडळीतील स्त्रीपुरुषांस क्रमाने प्रार्थना करण्यास राखीव वेळ असावा. उपासनेचा क्रम मंडळीच्या सभेत ठरावा आणि तेथेच तपासला जावा. आणि सत्काराचे हारतुरे मंदिराबाहेर व्हावेत. एवढे झाले, तर त्या आजीस कोणी खाली बसविणार नाही. ती आपली दोन वाक्ये पुरी करील, सर्व मंडळी आमेन म्हणेल, आणि मग पुढील गीत सुरू होईल. यात शिस्तीचा कोणता भंग होतो, हे आमच्या प्रतिपक्षाने दाखवून द्यावे.