इंग्रजीत भविष्यकाळ म्हणजे फक्त 'विल' नाही. मग शाळेत तेवढंच का शिकवतात?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी मुलाखतीत विचारलं गेलं, 'व्हॉट आर यू डूइंग आफ्टर कॉलेज?' मी ठणठणीत उत्तर दिलं, 'सर, आय गो टू हॉस्टेल.' समोरचे तिघंही हसले. प्रश्न पदवीनंतरच्या बेताचा होता. वाक्यात 'विल' नव्हतं, म्हणून मला तो भविष्यकाळ वाटलाच नाही!

शाळेतला तक्ता आठवा. भविष्यकाळाच्या रकान्यात 'शॅल' आणि 'विल', बस्स. खरं तर 'जाईन'सारखं भविष्यकाळी रूप इंग्रजी क्रियापदाला नाहीच. 'विल'चा मूळ अर्थ 'इच्छा असणे'. 'आय'ला 'शॅल' आणि 'ही'ला 'विल' हा नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ च्या व्याकरणात मांडला. हे गणितज्ञ होते. अनंताचं ∞ हे चिन्हही त्यांचंच. ते चिन्ह अजून कामाचं आहे, हा नियम मात्र आता बोलण्यात जवळपास कुणी पाळत नाही.

मग वापरायचं काय? बोलता बोलता ठरलं, वचन दिलं किंवा नुसता अंदाज बांधला, तर 'विल'. बेत आधीच मनात असेल किंवा आभाळ भरून आलेलं दिसत असेल, तर 'गोइंग टू': 'इट इज गोइंग टू रेन'. वेळ, माणूस, जागा ठरलेली असेल, तर 'आय ॲम मीटिंग द क्लायंट ॲट फोर'. इथे 'आय विल मीट' म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण भेट आत्ताच सुचली की काय, असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं. रेल्वेच्या वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ पुरतो: 'द ट्रेन लीव्ज ॲट सेव्हन'.

हे आपल्याला परकं नाही. 'उद्या येतो' हा वर्तमानकाळ. घरातून निघायच्या आधीच फोनवर 'आलोच' म्हणतो, तो तर चक्क भूतकाळ! 'पाऊस पडला तर' म्हणताना पाऊस अजून पडायचाच असतो. तरीही इंग्रजीत आपण 'इफ इट विल रेन' लिहितो. तिथे हवं 'इफ इट रेन्स'.

माझं मत विचाराल तर पाचवीपासूनच तो तक्ता बाजूला ठेवून मुलांना 'आलोच'पासून शिकवावं. आणि 'व्हेन आय विल रीच, आय विल कॉल' असा मेसेज टाइप केला असेल, तर पाठवण्याआधी पहिलं 'विल' खोडा. दुसरं राहू द्या.