कागद आजीचा, मजकूर कुणाचा?

परवा एक विद्यार्थिनी पत्रांचे पुडके घेऊन घरी आली. तिच्या आजीच्या थोरल्या बहिणीला धारवाडला दिले होते. 1952 ते 55 या काळात तिने बेळगावला धाकट्या बहिणीला लिहिलेली ही पत्रे. तेव्हा दोन्ही गावे मुंबई राज्यातच होती. सीमाभागातील स्त्रियांच्या मराठीवर मुलीचा प्रबंध चालू आहे. "सर, आजीने पत्रे दिली, आता छापायला काय हरकत?"

हरकत आहे. कागद आजीचा, पण मजकूर लिहिणारीचा, आणि तिच्यामागे तिच्या वारसांचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पत्रही साहित्यकृतीत मोडते. लेखकाच्या मृत्यूनंतर हक्क 60 वर्षे टिकतो; हयातीत न छापलेल्या लेखनाची 60 वर्षे तर पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. संशोधनात चार ओळी उद्धृत करायला कायद्याची सवलत आहे. पण अख्खी पत्रे छापायची तर सगळ्या वारसांची लेखी संमती हवी. कोणती पत्रे, कुठे छापणार, नावे ठेवणार की वगळणार, हे त्यात स्पष्ट लिहावे.

संमतिपत्र आम्ही कन्नडमध्ये तयार केले आणि धारवाडला गेलो. त्या बाईंचे चिरंजीव आता सत्तरीत आहेत. घरात मराठी बोलतात, पण शाळा कन्नड, त्यामुळे मराठी वाचता येत नाही. पेन हातात घेऊन ते थांबले. म्हणाले, "मोदलु ओदी हेळ्री." आधी वाचून दाखवा.

मुलीने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पत्रात सासूने कोठीची किल्ली कमरेला कशी लावली आणि सुनेने रात्र उपाशी कशी काढली, ते आले. खोली गप्प झाली. "ही आमची अज्जी. एवढे नको," ते म्हणाले.

प्रबंधातला तोच सर्वांत बोलका उतारा होता. मुलीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. तिने पेन्सिलीने त्या ओळींना कंस केला. मग त्यांनी आणि त्यांच्या दोन्ही बहिणींनी सह्या केल्या.

निघताना त्यांनी एकच मागितले, पत्रांच्या झेरॉक्स प्रती. आईचे मराठी अक्षर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले होते.

आपल्याही माळ्यावर अशी ट्रंक असेल. पत्रे जरूर अभ्यासकांना द्या. पण ती कुणी लिहिली, त्यांची मुलेबाळे आज कुठे आहेत, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.