हापशाभोवतीचा चिखल



मागच्या पावसाळ्यात माझ्या लहान भावाला जुलाब लागले. तो ३ वर्षांचा आहे. दोन दिवसांत त्याचे डोळे खोल गेले. तो रडायचा, पण डोळ्यांतून पाणी येईना. बाबांनी त्याला तालुक्याला नेले. तिथे सलाईन लावली. बाबांच्या कामाचे ४ दिवस खाडे झाले. आईने बचत गटातून पैसे उचलले. भाऊ बरा होऊन घरी आला, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "नजर लागली हुती लेकराला." मला ते पटले नाही. माझे मत असे आहे की, त्याला नजर लागली नाही, पाणी लागले.

आमच्या आळीत एक हापसा आहे. नळाला पाणी आले नाही की सगळी आळी तिथेच येते. त्याचा ओटा फुटला आहे. सांडलेले पाणी तिथेच साचते. त्यात म्हशी बसतात. तिथेच धुणी होतात. मी पण चिखलाचे पाय ओट्यावर ठेवून पाणी प्यायले आहे, खोटे कशाला सांगू? ते घाण पाणी ओट्याच्या फटीतून खाली मुरते आणि मग तेच आपण हापसून घरी नेतो.

माझ्या आजीच्या पायावर घोट्याजवळ एक वण आहे. मी विचारले, "आजी, हे काय गं?" आजी म्हणाली, "नारू झाला हुता मला. तुझ्याएवढीच हुते. पायातून दोऱ्यावानी किडा निघायचा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सुजायचा. दोन महिने मी अंगणात बसून हुते."

मी गुरुजींना नारूबद्दल विचारले. ते म्हणाले, पूर्वी लोक पायऱ्यांच्या विहिरीत, म्हणजे बारवेत उतरून पाणी भरत. नारू झालेल्या माणसाचा पाय पाण्यात बुडाला की नारूची पिले पाण्यात जात. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव ती पिले खात. ते पाणी प्यायले की साधारण एका वर्षाने माणसाच्या अंगातून २-३ फुटांचा नारू बाहेर पडे. लोकांना वाटायचे देवाचा कोप झाला. पण ते सगळे पाण्यातून येत होते.

नारूवर औषध नव्हते आणि लसही नव्हती. तरी तो गेला. कसा गेला? लोक पाणी फडक्याने गाळून पिऊ लागले. बारवेत उतरणे बंद झाले. गावोगावी हापसे घेतले. आपल्या देशातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. म्हणजे ज्या हापशाने आपल्याला नारूपासून वाचवले, त्याच हापशाभोवती आपण घाण केली आहे. मला याची लाज वाटते.

काही मोठी माणसे म्हणतात, "आम्ही हेच पाणी पिऊन मोठे झालो, काय झालं आम्हाला?" मी हे आजीला सांगितले. आजी म्हणाली, "जे मोठे झाले तेच बोलतेत. माझे दोन भाऊ हगवणीनं गेले. ते कुठून येणार बोलायला?" त्यानंतर आजी बराच वेळ गप्प बसली. मला वाटते आजीचे म्हणणे खरे आहे.

म्हणून माझे सर्वांना असे सांगणे आहे. हापशाजवळ धुणे धुऊ नये. जनावरांना पाणी लांब नेऊन पाजावे. पिण्याचे पाणी गाळून, उकळून घ्यावे किंवा आशाताई देतात ते औषधाचे थेंब टाकावेत. माठातले पाणी ओगराळ्याने घ्यावे, हात बुडवू नये. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. कुणाला जुलाब झालेच तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते सारखे पाजावे. चमचा चहाचा, सपाट भरलेला घ्यावा. आणि दवाखान्यात लवकर न्यावे. आम्हाला हे आधी माहीत नव्हते.

पण सगळ्यांत आधी ओटा नीट करावा आणि सांडपाण्यासाठी शोषखड्डा करावा. गुरुजी म्हणाले, एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. तो हापशापासून लांब घ्यायचा आणि तिथपर्यंत नाली काढायची. खाली मोठे दगड, वर बारीक खडी. ओढ्यातले दगड गोळा करायला आम्ही चौथीची मुले तयार आहोत. खड्डा मात्र आमच्याने खोदवणार नाही. ओट्याला सिमेंट पण लागेल. बाबांनी एक दिवस यायचे कबूल केले आहे. एक खाडा पडेल, पण चार खाड्यांपेक्षा एक बरा, असे ते म्हणतात.

पालकांनो, तुम्ही हे वाचत असाल तर घरी जाताना हापशाकडे एकदा बघा. येत्या रविवारी सकाळी कुदळ, फावडे घेऊन या. आजीला काम होत नाही, पण ती चहा करणार आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी