लोणारच्या काठावरून

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल लोणारला गेली होती. सरोवराच्या काठावर उभी राहून मुले खाली पाहत होती. मी त्यांना म्हणालो, "हा खड्डा कोणी खणलेला नाही. लाखो वर्षांपूर्वी आकाशातून एक अशनी येथे येऊन आदळला. त्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पडले." सगळे क्षणभर गप्प झाले. मग आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, असा दगड पुन्हा आला, तर आपल्याला आधी कळेल का?"

"कळेल," असे सांगून मोकळे होणे सोपे होते. पण ते पूर्ण खरे नव्हते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारे २० मीटर आकाराचा अशनी हवेतच फुटला. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, त्यांपैकी बहुतेक खिडक्यांच्या काचा लागून. तो येत असल्याचे जगातील एकाही वेधशाळेला आधी कळले नव्हते, कारण तो सूर्याच्या दिशेने आला. ईदचा चाँद शोधताना आपल्यालाही हाच अनुभव येतो. चंद्रकोर आकाशात असते, पण मावळतीच्या उजेडात ती सापडत नाही.

दुसरी अडचण रंगाची आहे. पुष्कळ लघुग्रह कोळशासारखे काळे असतात. त्यांच्यावरून सूर्यप्रकाश फारच थोडा परावर्तित होतो. कंदिलाच्या उजेडात चुना लावलेला लहान दगड आणि दूरवरचा मोठा काळा दगड यांतला मोठा कोणता, हे नुसत्या चमकेवरून कळत नाही. साध्या दुर्बिणीचेही तसेच होते.

मग यावर उपाय कोणता? मे महिन्यात सूर्य मावळल्यावर घराच्या भिंतीजवळ हात न्या. भिंतीला स्पर्श न करताही हाताला ऊब जाणवते. भिंतीतून निघणारे हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने १८०० साली साध्या तापमापकाच्या साहाय्याने त्यांचा शोध लावला. काळा लघुग्रह उन्हात तापतो आणि असेच किरण बाहेर टाकतो. डोळ्यांना लपलेला दगड अवरक्त दुर्बिणीला ठळक दिसतो आणि त्याच्या आकाराचाही चांगला अंदाज येतो.

परंतु ही दुर्बीण जमिनीवर ठेवून भागत नाही. हवेतील बाष्प यांतील बरेच किरण शोषून घेते. शिवाय दुर्बीण स्वतः उबदार असली, तर तिच्यातूनही तेच किरण निघतात. हातात पेटती मशाल धरून काजवा शोधावा, तसे ते होते. म्हणून ती अवकाशात आणि अतिशय थंड ठेवावी लागते. अमेरिकेची नासा ही संस्था 'निओ सर्व्हेयर' नावाची अशी दुर्बीण तयार करीत आहे. तिचा आरसा फक्त ५० सेंटिमीटरचा आहे. पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याकडे आडोसा करून, ती उणे दोनशे अंश सेल्सिअसहूनही थंड राहील. तिचे उड्डाण २०२७ किंवा त्यानंतर अपेक्षित आहे.

माझे मत असे आहे, की अशी एक दुर्बीण भारतानेही बनवावी. आकाशाची राखण एकाच देशावर सोपवणे बरे नाही. या कामात आपण नवखेही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १ मीटर आरशाची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून प्रचंड फुग्यांच्या साहाय्याने सुमारे ३० किलोमीटर उंचीवर अनेकदा पाठवली आहे. भारताने 'अ‍ॅस्ट्रोसॅट' ही वेधशाळा २०१५ साली अवकाशात सोडली. तिच्यात क्ष-किरण व अतिनील किरण पाहण्याची सोय होती, अवरक्त किरणांची नव्हती. ती उणीव आता भरून काढावी.

कोणी म्हणेल, "आमच्या गावात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात. आकाशातल्या दगडांवर खर्च कशाला?" हा प्रश्न रास्त आहे आणि पाणी आधी हवे, हेही खरे आहे. पण रात्रीच्या अंधारात ढग कोठे आहेत, हे आपल्या इन्सॅट उपग्रहांना अवरक्त किरणांमुळेच दिसते. पावसाचा अंदाज शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो, त्यामागे हीच विद्या आहे.

धोका आधी कळला, तर उपायही करता येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने 'डार्ट' हे यान डिमॉर्फस या लहानशा खगोलावर मुद्दाम आदळवले आणि त्याची फिरण्याची कक्षा बदलून दाखवली. पण जो दगड दिसलाच नाही, त्याला वळवणार कसे?

त्या मुलीला मी काठावरच उत्तर दिले, "बेटा, आज सगळेच दगड आधी कळतील असे नाही. पण कळावेत, यासाठी काम करता येते." ती पुन्हा सरोवराकडे पाहू लागली. परतताना बसमध्ये तिने मला विचारले, "सर, ती दुर्बीण बनवायला काय शिकावे लागते?" लोणारच्या जिल्ह्यातील मुलांनी हा प्रश्न विचारायलाच हवा.