आलू खरपूस हवा, करपलेला नको

एकादशी आली की वऱ्हाडात घरोघरी तव्यावर आलूचे काप पडतात. आमचा विरोध आलूला नाही, तो काळपट होईस्तोवर तळण्याला आहे. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तापले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड हे द्रव्य तयार होते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. त्याने प्राण्यांना कर्करोग होतो. माणसांबाबत पक्का पुरावा नाही. पण सावधगिरीला पैसे पडत नाहीत.

काप अर्धा तास पाण्यात ठेवावेत. त्यांतील साखर व पीठ निघून जाते. मग फडक्याने कोरडे करावेत, ओले काप कुरकुरीत होत नाहीत. लोखंडी तव्यावर दोन चमचे तेल, मध्यम आच, आणि सोनेरी रंग येताच उतरवावेत. आलू फ्रीजमध्ये ठेवू नयेत. थंडीने त्यांतील साखर वाढते व काप लवकर काळे पडतात. हिरवट आलू टाकूनच द्यावेत.

मधुमेह्यांनी मात्र ध्यानात ठेवावे, आलू आणि साबुदाणा दोन्ही पिष्टच. एकाच ताटात दोन्ही घेऊन उपवास घडत नाही, रक्तातील साखर तेवढी वाढते.