सिनेमाचे गाव की कोरड्या कालव्याचे?

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो आणि गॉलवे या दोन परगण्यांच्या सीमेवर काँग नावाचे शे-दोनशे वस्तीचे गाव आहे. उत्तरेला मास्क सरोवर, दक्षिणेला कॉरिब सरोवर आणि मधल्या चुनखडीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर ही वस्ती. एवढ्याशा गावात बाराव्या शतकातल्या मठाचे अवशेष आहेत, मठाच्या जुन्या प्रमुखांच्या नावांचा दगडी क्रूस चौकात उभा आहे, शेजारी किल्लेवजा आलिशान हॉटेल आहे. पण बसमधून उतरणारे बरेचसे पर्यटक आधी शोधतात तो जॉन वेनचा पुतळा. मॉरीन ओ’हाराला दोन्ही हातांवर उचलून घेतलेला हा नायक गावाची ओळख झाला आहे. १९५१च्या उन्हाळ्यात दिग्दर्शक जॉन फोर्डने ‘द क्वाएट मॅन’चे बरेचसे बाह्यचित्रण इथे केले. पुढच्या वर्षी तो प्रदर्शित झाला, फोर्डला दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले आणि काँगला कायमचे गिऱ्हाईक मिळाले.

दीड हजार वर्षांच्या आसपास इतिहास असलेल्या गावाने दोन तासांच्या सिनेमाच्या जिवावर जगावे का, हा प्रश्न इतिहासप्रेमी विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण तो विचारताना नाक मुरडण्याची जी सवय लागली आहे ती रास्त नाही.

सिनेमाच्या बाजूने बोलायचे तर पहिली गोष्ट पोटाची. पश्चिम आयर्लंडमधली कितीतरी गावे स्थलांतराने ओस पडली. काँगमध्ये दुकाने चालू आहेत, खाणावळी आहेत, राहायची सोय आहे. सिनेमात ज्या इमारतीवर ‘पॅट कोहान’ या दारूच्या गुत्त्याची पाटी लागली, ते प्रत्यक्षात किराणा दुकान होते. गुत्त्याच्या आतली दृश्ये हॉलीवूडमध्ये चित्रित झाली. पुढे कित्येक वर्षांनी त्या दुकानाचा खराच गुत्ता झाला. यावर हसू येईल, पण तिथे बिअर ओतणाऱ्याचा पगार खोटा नाही.

विरोधी बाजूही हलकी नाही. हिरवीगार कुरणे, भांडखोर पण दिलदार गडी, बायकोला रानातून ओढत नेणारा नवरा आणि त्याला टाळ्या वाजवत मागे जाणारे गाव: हा अमेरिकी चष्म्यातून पाहिलेला आयर्लंड आहे, ही टीका जुनी आहे आणि बरीचशी खरी आहे. सिनेमातल्या गावाचे नावही काँग नाही, इनिसफ्री आहे. नायकाच्या पांढऱ्या झोपडीचे खरे अवशेष गॉलवेच्या डोंगराळ भागात पडून आहेत. काँगमध्ये पाहायला मिळते ती तिची प्रतिकृती. तिकीट काढून नकलेची नक्कल पाहायची आणि शेजारचा मठ फोटोपुरता उरकायचा, हे कुणाही अभ्यासकाला झोंबणारच.

मात्र ‘सिनेमा खोटा, दगड खरे’ ही वाटणी काँगमध्ये टिकत नाही. मठाची परंपरा सातव्या शतकातल्या संत फेचिनपर्यंत जाते. बाराव्या शतकात कॉनॉटचा राजा टर्लो ओ’कॉनर याच्या आश्रयाने ऑगस्टिनियन पंथाचा मठ इथे उभा राहिला. त्याचा मुलगा रोरी हा आयर्लंडचा शेवटचा महाराजा. नॉर्मनांपुढे आणि घरच्या भाऊबंदकीपुढे हात टेकून तो याच मठात येऊन राहिला आणि ११९८मध्ये वारला. मठाच्या दरवाजांवरचे कोरीवकाम आजही पाहण्यासारखे आहे. पण ज्या कमानींच्या ओवरीत उभे राहून पर्यटक मध्ययुगाचा श्वास घेतात, तिचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकात नव्याने घडवून बसवलेला आहे. खर्च केला बेंजामिन ली गिनेस यांनी, म्हणजे डब्लिनच्या त्याच प्रसिद्ध बिअरवाल्या घराण्याने. शेजारचा ॲशफर्ड किल्ला १२२८चा म्हणून सांगितला जातो. त्यातही डोळ्यांत भरणारा पसारा गिनेस घराण्याने व्हिक्टोरियन काळात वाढवलेला. श्रीमंतांच्या हौसेला दीडशे वर्षे झाली की तिला वारसा म्हणायचे आणि सिनेमाला पाऊणशे वर्षे झाली तरी तमाशा म्हणायचे, हा न्याय आम्हाला पटत नाही.

नदीकाठची भिक्षूंची मासेमारीची खोली मात्र जशीच्या तशी भावते. पाण्यात दगडी चौथरा, त्यावर खोलीएवढे घर, खालून वाहता प्रवाह आणि जमिनीत एक चौकोनी भोक. त्यातून जाळे सोडायचे, शेकोटीपाशी बसायचे. मासा लागला की दोरी ओढून मठाच्या स्वयंपाकघरातली घंटा वाजवत, असे सांगतात. घंटेची गोष्ट खरी असो वा नसो, बांधणाऱ्याची अक्कल त्या भोकात दिसते.

आता ज्या खुणेपाशी फार कमी लोक थांबतात तिच्याकडे वळू. गावालगत एक कालवा आहे. घडीव चुनखडीच्या भिंती, होड्या वर-खाली करण्यासाठी बांधलेली दगडी कुंडे, सगळे नेटके. पाणी तेवढे नाही. मास्क आणि कॉरिब ही सरोवरे जोडून मेयोतून थेट गॉलवेच्या समुद्रापर्यंत जलमार्ग न्यायचा, असा हा बेत होता. काम सुरू झाले १८४०च्या दशकाच्या अखेरीस, बटाट्यावरच्या रोगाने देश उपाशी मरत असताना. त्या महादुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. काँगचा कालवा हे दुष्काळी काम होते. अर्धपोटी माणसांनी कुदळ-पहारीने खडक फोडला आणि तो खडक सच्छिद्र निघाला. इथले पाणी जमिनीवरून कमी आणि पोटातून जास्त वाहते. मास्कचे पाणी भुयारी वाटांनी येऊन काँगमध्ये झऱ्यांच्या रूपाने वर येते. अशा जमिनीत कालवा कोरडा पडला तर नवल नाही.

कालवा भरला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी जमिनीत जिरले, अशी कथा सांगितली जाते. वस्तुस्थिती याहून रुक्ष आहे. १८५१मध्ये रेल्वे गॉलवेला पोचली होती, खर्च वाढत चालला होता, जलमार्गाची गरजच संपत आली होती. १८५४मध्ये जलमार्गाचे काम थांबवण्याचा आदेश निघाला. खडकाइतकाच हिशेबही कालव्याला नडला. इंजिनिअरच्या फजितीवर हसून लोक पुढे जातात आणि भुकेपोटी तो खोदणारे मजूर त्या विनोदात हरवतात. मठाला राजा मिळाला, किल्ल्याला गिनेस, चौकाला जॉन वेन. कालव्याला कुणी वाली नाही.

याच ठिकाणी दोन बाजू एकमेकींना भेटतात. ॲशफर्डची जहागीर गिनेसनी १८५२मध्ये घेतली ती दुष्काळाने बुडालेल्या जमीनदारांच्या मालमत्ता विकणाऱ्या न्यायालयाकडून. ‘द क्वाएट मॅन’चा नायक अमेरिकेतून बापजाद्यांच्या गावी परततो. खुद्द फोर्डचे वडील गॉलवेच्या किनाऱ्यावरच्या स्पिडलचे. तो सिनेमा डोक्यावर घेणाऱ्या अमेरिकी प्रेक्षकांत त्या पडत्या काळात बोटीत बसलेल्यांची नातवंडे-पतवंडे कितीतरी होती. पुतळा आणि कालवा हे एकाच दुष्काळाचे दोन परिणाम आहेत. पुतळ्यासमोर फोटो काढणाऱ्याला हे सांगणारी व्यवस्था हवी, एवढीच आमची मागणी आहे.

काँगने कशावर हक्क सांगावा याचा विचार करताना शेजारची एक घटना आठवते. मास्क सरोवराच्या काठी, गावापासून काही मैलांवर, जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट राहत होता. १८८०मध्ये कुळांनी त्याला वाळीत टाकले. त्याचे पीक काढायला बाहेरून पन्नास मजूर आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार सैनिक आणावे लागले. बंगालच्या फाळणीनंतर टिळकांनी ज्या बहिष्काराचा पुरस्कार केला, त्याला जगभर ओळखीचे झालेले नाव या माणसाने दिले. मराठी वाचकाला काँगच्या आसपासचे हे ठिकाण म्हणूनच जवळचे वाटेल. पण घटना शेजारच्या नील गावाकडची आहे. तिच्यावर काँगने हक्क सांगू नये.

राहिला प्रश्न चौकातल्या दगडी क्रूसाहून वेगळ्या, ‘काँगचा क्रूस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रूसाचा. ११२३मध्ये टर्लोने करवून घेतलेला, लाकडी गाभ्यावर ब्राँझ आणि सोन्याच्या नक्षीचा, मधोमध स्फटिक बसवलेला हा क्रूस आयरिश कारागिरीतले अव्वल काम मानला जातो. १८३९मध्ये डब्लिनचे गणिती जेम्स मॅककुला यांनी तो शंभर गिनींना घेऊन रॉयल आयरिश अकॅडमीला दिला. आज तो डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो गावी परत यावा, ही भावना समजण्यासारखी आहे. पण घडवला गेला तेव्हा तो बहुधा तुआमच्या कॅथेड्रलसाठी होता. मूळ जागेचा निकष लावला तर काँगचाच दावा लंगडा पडतो. शिवाय नऊशे वर्षांचे लाकूड आणि धातू सांभाळायची यंत्रणा शे-दोनशे वस्तीच्या गावाकडून मागणे अन्यायाचे होईल. क्रूस डब्लिनमध्येच राहावा. अधूनमधून मेयोत प्रदर्शनासाठी पाठवावा, म्हणजे परगण्यातल्या शाळकरी मुलांना राजधानी गाठावी लागणार नाही.

तेव्हा पुतळा राहू द्या, झोपडीची प्रतिकृतीही राहू द्या. त्यांनी गाव जगवले आहे. मठाच्या ओवरीतला जुना दगड कोणता आणि गिनेसांचा कोणता, हे पाटीवर साफ लिहा. पण स्मारकांवर खर्चायला यापुढे जो पैसा येईल, त्यावर पहिला हक्क कालव्याचा असला पाहिजे. तिथे मजुरांची हकिकत सांगणारे दालन उभे राहावे आणि सिनेमाच्या सहलीचा प्रत्येक फेरा त्या कुंडांवरून जावा. सहलीची वाट बदलायला डब्लिनच्या परवानगीची गरज नाही. गावातले दुकानदार आणि वाटाडे मनावर घेतील तर येत्या हंगामापासून सुरुवात करता येईल.